कागदासाठी जन्मलेला एसी: विलिस कॅरिअर आणि माझ्या कोडमधले दोन आकडे

दोन वर्षांपूर्वी आमची टीम ऑफिस इमारतींच्या एसी यंत्रणेवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहीत होती. क्लायंटची ऑफिसं तीन: मुंबई, पुणे आणि अमेरिकेतलं न्यू जर्सी. सर्व्हर रूमचं सेटिंग माझ्याकडे आलं. मी कॉन्फिग फाइलमध्ये दोन आकडे टाकले, तापमान २२ अंश आणि आर्द्रता ५० टक्के, आणि तिन्ही शहरांना तेच कॉपी-पेस्ट करून टाकलं. कुणीही रिव्ह्यूमध्ये काही बोललं नाही.

जुलैमध्ये मुंबईचे लॉग बघताना दिसलं की सर्व्हर रूममध्ये कूलिंग पूर्ण जोरात चालू आहे आणि त्याच मशीनमधला हीटरसुद्धा चालू आहे. दोन्ही एकाच वेळी, तासन् तास. मला वाटलं बग आहे. सेन्सर तपासले, टाइमस्टॅम्प तपासले. बग नव्हता. मग जुने लॉग काढले, तर पुण्यात एप्रिलमध्ये तशाच मशीनने खोली थंड करता करता हवेत वाफ सोडली होती. न्यू जर्सीत जानेवारीत तीच कथा. म्हणजे मुंबईत हवेतलं पाणी काढायला वीज जात होती आणि पुण्यात पाणी घालायला. मशीन बिचारी मी सांगितलं तेच करत होती.

मुंबईच्या प्लांट रूममध्ये एक काका होते, तीस वर्षं चिलर सांभाळलेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: या दोन आकड्यांचा दवबिंदू किती होतो, हे माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. बी.ई. पास होऊन सहा वर्षं झाली होती आणि थर्मोडायनॅमिक्स परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी डोक्यातून गेलं होतं. त्या रात्री शोधत बसलो आणि पोहोचलो १९०२ सालात, एका पंचवीस वर्षांच्या पोराच्या ड्रॉइंगपाशी.

एसीच्या डब्यावर ‘कॅरिअर’ हे नाव तुम्ही वाचलं असेल. तो एक माणूस होता.

सफरचंदं, लाँड्री आणि आठवड्याला दहा डॉलर

विलिस हॅविलँड कॅरिअरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, न्यू यॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळच्या शेतावर. एकुलता एक मुलगा. शाळेत अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने सफरचंदं आणली आणि अर्धं, पाव, अष्टमांश असे तुकडे करून शिकवलं. तो अकरा वर्षांचा असताना ती गेली. पुढे आयुष्यभर मोठं गणित समोर आलं की त्याचे तुकडे पाडायची त्याची सवय मात्र या सफरचंदांपासूनचीच.

पैसे नव्हते. काही वर्षं गावातल्या शाळेत शिकवलं, मग स्कॉलरशिप मिळवून कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथे लोकांची लॉन कापली, भट्ट्या पेटवल्या, मेसमध्ये वाढप्याचं काम केलं, आणि एका मित्राबरोबर विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन देणारी एजन्सी काढली. आजच्या भाषेत हॉस्टेलमधलं स्टार्टअपच. १९०१ मध्ये पदवी मिळाली आणि बफेलो फोर्ज कंपनीत नोकरी लागली, पगार आठवड्याला १० डॉलर. कंपनी पंखे आणि हीटर बनवायची. थंड करण्याशी तिचा तसा संबंध नव्हता.

वर्षभरात एक विचित्र काम आलं. ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या रंगीत छपाईच्या कारखान्यात उन्हाळ्यात छपाई बिघडत होती. त्या काळी रंगीत चित्र छापायचं म्हणजे एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा छापायचा. पहिला आणि दुसरा रंग यांच्यामध्ये हवा दमट झाली की कागद फुगायचा आणि रंग रेषेबाहेर जायचा. (साधारण त्याच काळात लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं याच पद्धतीने, रंगावर रंग चढवून छापली जात होती. पावसाळ्यात तिथल्या कारागिरांचं काय होत असेल याचा मी नेहमी विचार करतो.)

कॅरिअरने १७ जुलै १९०२ ही तारीख असलेलं ड्रॉइंग केलं. नळ्यांच्या गुंडाळ्यांतून थंड पाणी फिरवायचं आणि त्यावरून हवा न्यायची. थंड गुंडाळीवर हवेतलं पाणी जमा होऊन गळून जातं, उरलेली हवा कोरडी. तांब्यात थंड पाणी भरून ठेवलं की बाहेरून तांब्याला घाम येतो, तीच गोष्ट. ज्या तापमानाला हा घाम यायला सुरुवात होते तो त्या हवेचा दवबिंदू. हवेत पाणी जास्त असेल तर दवबिंदू वर असतो, कमी असेल तर खाली. फोनच्या वेदर अ‍ॅपमध्ये खाली स्क्रोल केलंत तर ‘ड्यू पॉइंट’ म्हणून हाच आकडा दिसेल. आपण तापमान बघतो आणि अ‍ॅप बंद करतो, पण मुंबईकराच्या अंगाची चिकचिक या दुसऱ्या आकड्यात असते.

ब्रुकलिनच्या यंत्रणेची ताकद रोज १ लाख ८ हजार पौंड बर्फ वितळण्याइतकी होती, म्हणजे ५४ टन. एसी घेताना आपण ‘दीड टन’ म्हणतो तो हाच टन. अमेरिकन टनभर, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी ताकद. ते एसीचं वजन नाही, हे मलासुद्धा नोकरी लागल्यावर कळलं.

आणि आता मला झोंबलेली गोष्ट. त्या कारखान्यासाठी आर्द्रता वर्षभर ५५ टक्के ठरवली होती, पण तापमानाचे आकडे दोन होते: हिवाळ्यात सुमारे २१ अंश, उन्हाळ्यात सुमारे २७. एकाच शहरात, एकाच खोलीसाठी. १९०२ साली, कॅल्क्युलेटरही नसताना, पंचवीस वर्षांच्या मुलाने ऋतू बघून आकडा बदलला होता. मी दोन खंडांतल्या तीन शहरांना एकच आकडा दिला होता.

धुक्यातलं गणित

त्याच वर्षीच्या शेवटी कॅरिअर पिट्सबर्गच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभा होता. दाट धुकं पडलं होतं. धुकं म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली हवा, आर्द्रता १०० टक्के. पण थंडीमुळे त्या हवेत एकूण पाणी फारच थोडं होतं. हीच हवा नुसती तापवली तर ती कोरडी म्हणावी अशी होईल. मग आपणच कारखान्यात धुकं तयार केलं तर? पाण्याचा बारीक फवारा मारायचा, हवा त्यातून न्यायची आणि फवाऱ्याच्या पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवायचं. पाणी दवबिंदूपेक्षा थंड ठेवलं तर हवेतलं पाणी फवाऱ्यात उतरेल. पाणी वापरून हवा कोरडी करायची! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण चालतं. या फवाऱ्याच्या यंत्राचं पेटंट त्याला २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं.

पुढची काही वर्षं तो आकडेमोड करत राहिला. डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्याने निबंध वाचला आणि हवेचं तापमान, तिच्यातलं पाणी आणि तिच्यातली उष्णता यांना सूत्रांत बांधलं. त्यातून आलेला तक्ता, सायक्रोमेट्रिक चार्ट, आजही मेकॅनिकलच्या पोरांना छळतो. मलाही छळला होता. पण माझ्या मुंबईच्या कोड्याचं उत्तर त्याच चार्टवर होतं.

२२ अंश आणि ५० टक्के म्हणजे दवबिंदू साधारण ११ अंश. मुंबईच्या जुलैच्या हवेचा दवबिंदू असतो २५ च्या आसपास. आर्द्रता ५० वर आणायची म्हणून मशीन दारातून, फटींतून शिरणारी हवा ११ च्याही खाली गार करत होती. आता खोली फारच थंड झाली, २२ चा आकडा मोडला. मग तीच हवा हीटरने पुन्हा तापवायची. सर्व्हर भरपूर असते तर त्यांच्याच उष्णतेने खोली २२ वर आली असती, पण निम्म्याहून जास्त सर्व्हर केव्हाच क्लाउडवर गेले होते. कॅरिअरच्या काळच्या सूतगिरणीत हवा पुन्हा तापवायचं काम चात्या आणि मोटारी फुकटात करायच्या. आमच्या रिकाम्या खोलीत ते काम विजेचा हीटर करत होता.

सूतगिरण्या हे त्याचं पुढचं मोठं गिऱ्हाईक होतं. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून तिथे उलटं, हवेत पाणी घालायचं काम. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दसुद्धा गिरण्यांतूनच आला आणि तो कॅरिअरचा नाही, १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापडगिरणीच्या इंजिनिअरने तो वापरला. गिरणगावातल्या ज्यांच्या घरी आजोबा मिलमध्ये होते त्यांनी साचेखात्यातल्या दमट हवेबद्दल ऐकलं असेल. तिथेही हवा सांभाळली जायची ती सुतासाठी. माणसासाठी एसी ही कल्पना अजून दूर होती.

माणसांची पाळी

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बफेलो फोर्जने खर्च कमी करायला इंजिनिअरिंगचं हे काम बंद करायचं ठरवलं. कॅरिअर आणि त्याचे सहा सहकारी बाहेर पडले, ३२,६०० डॉलर जमवले आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्याच्या घरची ही वर्षं सोपी नव्हती. पहिली पत्नी १९१२ मध्ये वारली होती. पुढे दुसरं लग्न, दोन दत्तक मुलगे, दुसरी पत्नीही गेल्यावर तिसरं लग्न. याबद्दल फार लिहिलेलं सापडत नाही. त्याचं पहिलं चरित्र १९५२ मध्ये त्याच्याच कंपनीतल्या मार्गारेट इंगल्स या इंजिनिअर बाईंनी लिहिलं. मेकॅनिकलची पदवी घेणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी त्या एक.

तोवर थंड करणारी यंत्रं अजस्र असायची आणि त्यांत बहुतेक वेळा अमोनिया. गळती झाली तर जिवाशी गाठ, त्यामुळे जिथे गर्दी तिथे हे मशीन ठेवायला मालक घाबरायचे. १९२२ मध्ये कॅरिअरने न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये नवं मशीन दाखवलं: पिस्टनऐवजी गरगर फिरणारा सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर, आकाराने लहान, आणि अमोनियाऐवजी त्यामानाने सुरक्षित रसायन. आज मॉल आणि आयटी पार्कच्या तळघरात घुमणारे मोठे चिलर याच मशीनचे वंशज.

१९२४ मध्ये ते डेट्रॉइटच्या हडसन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये बसलं, कारण तळघरातल्या सेलच्या गर्दीत गिऱ्हाइकांना चक्कर यायची. १९२५ मध्ये न्यू यॉर्कच्या रिव्होली थिएटरची पाळी. पहिल्या दिवशी यंत्रणा सुरू करायला उशीर झाला. लोक हातपंखे घेऊनच आले होते आणि सगळं थिएटर पंखे हलवत होतं. पॅरामाउंटचे अडॉल्फ झुकोर स्वतः बाल्कनीत बसलेले. कॅरिअरची टीम मागे उभी राहून घाम पुसत होती. मग हळूहळू एकेक पंखा थांबत गेला, आणि सगळे थांबले तेव्हा त्यांना कळलं की जमलं. मला हा सीन फार आवडतो. डॅशबोर्ड नाही, सेन्सर नाही, हजारो प्रेक्षकांच्या हातातले पंखे हाच लाइव्ह डेटा. पाच वर्षांत तीनशेहून जास्त थिएटरांत एसी बसला.

ऑफिसची पाळी आली १९२८ मध्ये, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात. तिथली २१ मजली मायलम बिल्डिंग ही अमेरिकेतली पहिली पूर्ण वातानुकूलित उंच ऑफिस इमारत. त्याच सुमारास अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहंही थंड झाली.

त्याआधीचे आर्किटेक्ट हवामानाशी जुळवून घ्यायचे. इमारतीचा आकार इंग्रजी एच किंवा ई सारखा, मध्ये मोकळे चौक, उंच छत, आणि कुणाचंही टेबल खिडकीपासून फार लांब नाही. मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारतींचे व्हरांडे आठवा. एसी आल्यावर ही अट सुटली. इमारत हवी तितकी जाडजूड करता आली, खिडक्या कायमच्या बंद करता आल्या आणि भिंतीच्या जागी काच लावता आली.

याचा मोठा नमुना म्हणजे न्यू यॉर्कमधली संयुक्त राष्ट्रांची सचिवालय इमारत, ३९ मजली काचेचा चौकोन. तिच्या डिझाइनच्या गटात ल कॉर्ब्युझिए होता. काचेच्या बाहेर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या लावा म्हणून त्याने पत्रं लिहून आग्रह धरला. ऐकलं गेलं नाही. उन्हाचं काम कॅरिअर कंपनीच्या ‘वेदरमास्टर’ यंत्रणेवर सोपवलं गेलं. पुढे त्याच ल कॉर्ब्युझिएने चंदीगडच्या सचिवालयाला दर्शनी भागभर काँक्रीटच्या त्या पट्ट्या लावल्या. फोटो शोधून दोन्ही इमारती शेजारी ठेवून बघा.

याचा दोष कॅरिअरवर टाकणं सोपं आहे. मला तो पूर्ण पटत नाही. काचेचा डबा बांधायचं त्याने सांगितलं नव्हतं, पण त्याच्या मशीनने ते शक्य केलं आणि ते विकणं हा कंपनीचा धंदा होता. शिवाय वेदरमास्टरमधली मूळ कल्पना आजही शहाणपणाची वाटते. उंच इमारतीत हवेचे जाड डक्ट न्यायला जागा नसते, म्हणून थोडीच कोरडी, ताजी हवा बारीक नळीतून प्रत्येक खोलीत पाठवायची, आणि खोलीची उष्णता खिडकीखालच्या गुंडाळीतल्या पाण्याने उचलायची. हवा वेगाने ढकलायला पंख्यांची वीज बेसुमार जायची, ते खरं. पण ओलावा हा एक हिशोब आणि उष्णता हा दुसरा, हे त्यात नीट वेगळं केलेलं होतं.

शेवटच्या वर्षांतलं त्याचं आवडतं काम माणसांसाठीही नव्हतं आणि कागदासाठीही. दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलँडमध्ये विमानाची इंजिनं तपासायला बोगदा बांधला, त्यात उंच आकाशातली हवा बनवायची होती, उणे ४० अंशांच्याही खाली आणि तीही प्रचंड प्रमाणात. ते त्याने जमवलं. ७ ऑक्टोबर १९५० ला न्यू यॉर्कमध्ये तो वारला, वयाच्या ७३ व्या वर्षी. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी त्या काचेच्या इमारतीत राहायला, म्हणजे कामाला, येऊ लागले होते.

बादलीभर पाण्याची किंमत

आता आपल्याकडचं बघू. मुंबईत किंवा कोकणात एसीच्या पाइपखाली बादली ठेवली तर पावसाळ्यात ती बघता बघता भरते. त्या पाण्याचा हिशोब साधा आहे. हवेतली एक लिटर वाफ पाणी करायला साधारण ०.६८ युनिट उष्णता काढावी लागते. १५ लिटरच्या बादलीला १० युनिट. चांगला एसी एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता उचलतो असं धरलं, तर त्या बादलीसाठी जवळजवळ ३ युनिट वीज गेली, आणि खोलीचं तापमान अजून एक अंशानेही उतरलेलं नाही.

म्हणून मुंबईच्या ऑफिसात लोक रिमोटवर २० करतात. त्यांना थंडी नको असते, चिकचिक घालवायची असते. पण सामान्य एसीला दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. चिकचिक जाईपर्यंत अर्धं ऑफिस शाल पांघरून बसतं. (आमच्याकडे एक मुलगी मे महिन्यात स्वेटर आणायची. एचआरने ‘समर ड्रेस कोड’चा मेल त्याच आठवड्यात पाठवला होता.) कोरडी ताजी हवा वेगळी दिली, तर तीच माणसं पंख्याखाली २६ ला आरामात बसतात.

नागपुरात एप्रिल-मेमध्ये उलटं. हवा तापलेली पण कोरडी, दवबिंदू खूप खाली. तिथे वाळ्याचा कूलर घर गार करतो, कारण पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं. तोच कूलर मुंबईत लावा, नुसता दमटपणा वाढेल. कॅरिअरचा फवारा आणि विदर्भातला कूलर सख्खे भाऊ आहेत, फरक फक्त पाण्याच्या तापमानाचा. तरी नागपुरातही ऑफिस म्हटलं की मुंबईसारखीच काच आणि मुंबईसारखाच एसी. बंगळूरला तर वर्षातला बराच काळ बाहेरची हवा आत घेतली तरी भागतं, पण खिडकी उघडणारी हवी ना!

आपल्या ऊर्जा बचत इमारत संहितेत देशाचे पाच हवामान विभाग केलेत, उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड, आणि भिंत, काच, छत यांचे निकष त्याप्रमाणे ठरतात. खोलीच्या एसीचं सुरुवातीचं सेटिंग १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ठेवणं सक्तीचं झालं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा हिशोब असा की सेटिंग एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण हैदराबादजवळच्या पोचारमचं. इन्फोसिसने तिथल्या एका ऑफिस इमारतीचे सारखे दोन भाग केले. एकात नेहमीचा, पण चांगला एसी. दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या घालून त्यांतून जेमतेम गार पाणी फिरवलं, आणि ओलावा काढलेली ताजी हवा वेगळी दिली. दुसऱ्या भागाला एसीसाठी सुमारे एक तृतीयांश कमी वीज लागली. एकच अट: छताचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर छतातून पाऊस. म्हणजे पुन्हा पिट्सबर्गचा तो प्लॅटफॉर्म.

आमच्या फाइलचं काय झालं ते सांगतो. आजचे सर्व्हर २७ अंशांपर्यंतची हवा सहज चालवून घेतात. मी दोन स्थिर आकडे काढले. तापमान २६ वर नेलं आणि आर्द्रतेच्या टक्क्यांऐवजी दवबिंदूच्या दोन मर्यादा ठेवल्या, खाली ६ आणि वर १५. त्यामधल्या पट्ट्यात मशीनने ओलाव्याच्या नादी लागायचंच नाही. मॅनेजरला समजावायला तीन मीटिंगा लागल्या, कारण ‘आहे ते चालतंय की’ या मुद्द्याला सायक्रोमेट्रिक चार्टने उत्तर देता येत नाही. शेवटी हीटर आणि कूलिंग एकत्र चालू असलेला ग्राफ लाल रंगात दाखवला, तेव्हा मंजुरी मिळाली.

मुंबईत बदल टाकला त्याला दोन महिने झाले. पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला, हीटर बिघडलाय का म्हणून. सकाळपासून एकदाही लागला नव्हता. न्यू जर्सीतही वाफ बंद आहे. पुण्याचा एप्रिल अजून यायचाय.